वाडीतल्या पत्र्याच्या शेडची दुरुस्ती : एप्रिल ते जून २०२५ च्या नोंदी

५ एप्रिल २०२५, शनिवार

दापोली तालुक्यातील आमची नारळी-पोफळीची वाडी समुद्राच्या पुळणीपासून फार तर दोनशे पावलांवर आहे. वडिलांनी २००३ साली वाडीच्या कोपऱ्यात १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद अशी एकपाखी शेड बांधली. जांभ्याच्या चौथऱ्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा, चारही बाजूंना आणि वर पन्हळी पत्रे आणि पश्चिमेकडे उतार, अशी तिची साधी रचना आहे. पंप, पाइप, कोयते, खताच्या गोणी आणि सोललेले नारळ हे सगळे तिच्यातच असते. गेल्या पावसाळ्यात ती इतक्या ठिकाणी गळली की आईने निम्मे सामान घराच्या पडवीत हलवले. भंगारवाल्याने शेड आहे तशी उचलून नेण्याची तयारी दाखवली होती. तथापि वडिलांच्या हातची वस्तू तपासून पाहिल्याशिवाय मोडीत काढायची नाही, असे मी आणि आईने ठरवले, आणि त्या तपासणीला आज सुरुवात केली.

भर दुपारी दार लावून आत उभा राहिलो. छिद्र असलेल्या प्रत्येक जागी उजेडाचा ठिपका दिसत होता. असे ४१ ठिपके मोजले आणि प्रत्येकाभोवती खडूने वर्तुळ काढले. नंतर हातोडीच्या दांड्याने प्रत्येक पत्रा ठोकून पाहिला. शाबूत पत्रा खणखणतो, तर कुजलेल्या पत्र्याचा आवाज बसका येतो आणि तेथे पेचकसाचे टोक दाबले की ते सरळ आरपार जाते.

तपासणीत निघालेली गोष्ट मला अपेक्षित नव्हती. छपरावर एकूण १६ पत्रे आहेत. त्यांपैकी ११ मूळचे, म्हणजे २२ वर्षांचे आहेत. दक्षिणेकडचे ५ पत्रे ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात उडाले आणि त्या महिन्यातच बदलले गेले. ४१ पैकी ३० छिद्रे या पाच नव्या पत्र्यांत आहेत. त्यांच्या मागच्या बाजूस १२० हा आकडा अजून वाचता येतो. तो आकडा एक चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मिळून असलेल्या जस्ताचे ग्रॅममधील वजन सांगतो. १२० ग्रॅम म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ८ मायक्रॉनचा थर, आणि २७५ ग्रॅमचा पत्रा घेतला तर तो १९ मायक्रॉनच्या आसपास असतो. जस्त स्वतः झिजते आणि तोपर्यंत लोखंडाला वाचवते, त्यामुळे जेवढे जस्त तेवढेच पत्र्याचे आयुष्य. खाऱ्या वाऱ्यात आठ मायक्रॉन पाच पावसाळे पुरले नाहीत. वादळानंतर तालुक्यात पत्रा मिळणेच कठीण झाले होते आणि मिळेल तो पत्रा आम्ही चढवला, हे येथे नोंदवून ठेवतो.

६ एप्रिल २०२५, रविवार

आज शेड पूर्ण रिकामी केली. उत्तरेच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या गोण्या काढल्यावर मागचा पत्रा जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत अक्षरशः जाळीसारखा झालेला दिसला. त्या गोण्या खडे मिठाच्या आणि म्युरेट ऑफ पोटॅशच्या होत्या. माडाच्या आळ्यात मीठ घालण्याची आमच्याकडे जुनी पद्धत आहे आणि ते मीठ वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यात राहत आले. बाकीच्या तीन भिंतींचे पत्रे खालच्या कडेला गंजलेले आहेत खरे, पण एवढे कुठेही नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून ओले होते, हे मी दरवर्षी मुलांना सांगतो. खडे मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढते. म्हणजे पावसाचा थेंब न पडताही हा कोपरा वर्षातील बहुतेक दिवस ओला होता, आणि ते पाणी साधे नसून क्लोराइडचे होते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, त्यामुळे दुसरी गोणीही त्याच जातीची निघाली. शेड वरून गळते म्हणून आम्ही वरच पाहत राहिलो आणि तिचा मोठा शत्रू आतच टेकवून ठेवला होता.

क्लोराइड पत्र्यावर राहिले तर वरून कितीही चांगला रंग दिला तरी गंज त्या रंगाखाली चालूच राहतो. म्हणून या कामाचा क्रम आजच ठरवून टाकला: आधी मीठ काढायचे, नंतर गंज काढायचा आणि रंगाचा डबा त्यानंतरच उघडायचा.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

गावातील वेल्डरदादांना सांगाडा दाखवला. त्यांनी सहाही खांब पायथ्याशी छिन्नीने खरवडले. तीन खांब चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये शिरतात तेथे निम्म्याहून अधिक खाल्लेले आहेत. “सर, वरचा अँगल अजून वीस वर्षे हलणार नाही. पाणी इथे बुडाशी साठून राहतं, म्हणून एवढंच गेलंय,” असे ते म्हणाले, आणि मलाही ते पटले. खांबाभोवती काँक्रीटला खोलगट कडे पडले आहे आणि त्यात पाणी अडून राहते.

त्यानंतर निर्णय झाले ते असे. छपराचे पाच नवे पत्रे काढून तेथे ०.५० मिलिमीटर जाडीचे, २७५ ग्रॅम जस्ताचे पत्रे घालायचे. मूळच्या ११ पैकी ३ पत्रे जोडाच्या कडेला गंजले आहेत, ते उतरवून स्वच्छ करून परत बसवायचे. उरलेले ८ जागच्या जागी साफ करायचे. भिंतींचे पत्रे बदलायचे नाहीत, मात्र त्यांची कुजलेली खालची कड कापून काढायची आणि तेवढा भाग चिऱ्याचा एक थर चढवून भरून काढायचा. यामुळे पत्रा जमिनीपासून कायमचा वर राहील.

२० एप्रिल २०२५, रविवार

काल आणि आज मिळून पाच पत्रे उतरवले. छपरावर चढताना पत्र्यावर पाय न देता आडव्या अँगलांवर दोन लांब फळ्या टाकल्या आणि फक्त फळीवरच वजन ठेवले. गंजक्या पत्र्याची कड पात्यासारखी कापते. माझे धनुर्वाताचे इंजेक्शन मागच्या वर्षीच झालेले आहे, मदतीला आलेल्या मुलाला मात्र काम सुरू होण्यापूर्वी दवाखान्यात नेऊन आणले.

उतरवलेल्या पत्र्यांवर आणखी दोन दोष सापडले. पहिला दोष खिळ्यांचा. जुने पत्रे जे-हुकांनी, म्हणजे इंग्रजी J च्या आकाराच्या हुकांनी बांधलेले आहेत आणि प्रत्येक हुक पन्हळीच्या माथ्यावर, खाली डांबरी वॉशर घालून कसलेला आहे. २०२० सालचे पाच पत्रे मात्र नाळीत, म्हणजे दोन माथ्यांमधल्या खोलगट भागात भोके पाडून, वॉशरशिवाय साध्या बोल्टांनी ठोकले होते. पाणी वाहते ते नाळीतून, त्यामुळे छपरावर पडणारा प्रत्येक थेंब त्या भोकांवरून जात होता. दुसरा दोष जोडाच्या दिशेचा. आमच्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो. शेजारच्या दोन पत्र्यांच्या जोडात वरच्या पत्र्याची मोकळी कड वाऱ्याला पाठमोरी, म्हणजे उत्तरेकडे असायला हवी. मूळच्या पत्र्यांची तशी आहे. या पाचांची दक्षिणेकडे तोंड करून होती आणि झड थेट तिच्यात शिरत होती. वडिलांनी प्रत्येक कडेचा विचार केला होता, हे त्यांचे काम उलगडताना आज मला कळले.

तीन खांबांचे काम वेल्डरदादांनी एकेक करून केले. छपराच्या अँगलखाली बल्ली लावून जॅकने वजन पेलले, कुजलेला दीड फूट भाग कापला, त्याच मापाचा, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड अँगलचा नवा तुकडा वेल्ड केला आणि खाली पोलादी पाटी जोडली. काँक्रीट वीतभर वर उचलून त्याला चारही बाजूंना उतार दिला. ग्राइंडर चालवताना भिंतींच्या पत्र्यांवर ओली गोणपाटे टांगली होती. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे लोखंडाचे तापलेले कण असतात, ते जस्तात रुतून बसतात आणि दोन-चार दिवसांत तेथे गंजाचे तांबडे ठिपके उठतात.

२७ एप्रिल २०२५, रविवार

मीठ धुण्याचे काम कालपासून चालू आहे. सुरुवातीला विहिरीचे पाणी वापरले. भिंतीचा एक चौकोन धुऊन वाळवला, ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर दाबला आणि पिळून निघालेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. दुधासारखा पांढरा साका आला. भिंतीत मीठ शिल्लक आहे असे वाटून पुन्हा धुतले, तरी तेच. शेवटी विहिरीच्याच पाण्याची परीक्षा केली तेव्हा उलगडा झाला. समुद्राजवळच्या आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या शेवटी किंचित मचूळ होते, आणि त्याने धुणे म्हणजे मीठ लावून मीठ काढणे होते. त्यानंतर नळाचे पाणी पिंपात भरून घेतले आणि नायलॉनच्या ब्रशने तीन वेळा घासून धुतले. तिसऱ्या धुण्यानंतरचा थेंब जवळजवळ स्वच्छ राहिला. उत्तरेच्या भिंतीला पाच वेळा धुवावे लागले.

सांगाड्याचा सुटा गंज वायर ब्रशने आणि खरवडणीने काढला. खळग्यांत घट्ट बसलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे द्रावण लावले. त्याने गंज काळसर होऊन बसतो, मात्र पापुद्रे तसेच ठेवून वरून द्रावण लावले तर काहीच उपयोग होत नाही, हे एका अँगलवर करून पाहिले आणि तो अँगल पुन्हा खरवडावा लागला. पत्र्यांवर वायर ब्रश जपून, फक्त गंजलेल्या जागीच चालवला. जेथे जस्त शाबूत आहे तेथे ब्रश घासणे म्हणजे राहिलेले संरक्षण आपल्या हातांनी काढून टाकणे होय.

प्रायमरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझीही समजूत चुकीची होती. आमच्याकडे लोखंड म्हटले की रेड ऑक्साइड, हे ठरलेले आहे. उघड्या लोखंडावर ते चालते. जस्त चढवलेल्या पत्र्यावर मात्र तेलाधारित रंगाची जस्ताबरोबर प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि रंग वर्ष-दोन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून पत्र्यांसाठी आणि सांगाड्यासाठीही दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर आणला. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच दोन्ही भाग मिसळायचे आणि दोन तासांत संपेल एवढाच घोल करायचा. एपॉक्सी उन्हात पांढुरका होऊन भुकटीसारखा सुटतो, म्हणून बाहेरच्या बाजूला त्यावर पॉलियुरेथेनचा थर देणे भाग आहे.

४ मे २०२५, रविवार

रंगकामाची वेळ आता नक्की बसली आहे. पहाटे पत्र्यावर दव असते आणि संध्याकाळनंतर खारा ओलसर वारा त्यावर बसतो. दुपारी पत्रा इतका तापतो की रंग पसरण्याआधीच वाळतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्रा दवबिंदूच्या तापमानापेक्षा निदान ३ अंशांनी गरम असावा, असा नियम आहे. मे महिन्यात आमच्या वाडीत हा मेळ साधारण सकाळी साडेआठ ते अकरा या वेळेत बसतो. रोज रंगापूर्वी त्या दिवसाचा भाग गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून घेतो. प्रायमरचे दोन हात सांगाड्यावर पूर्ण झाले.

१० मे २०२५, शनिवार

भिंतींची खालची कड नऊ इंच कापली. ग्राइंडर न वापरता पत्रा कापायची कातर वापरली. वेळ तिप्पट लागला आणि बोटांना फोड आले, पण जस्त जळले नाही. कापलेल्या कडेवर जस्तयुक्त प्रायमरचा हात दिला. गवंडीकाकांनी सिमेंटमध्ये चिऱ्याचा थर चढवला. पत्र्याची कड चिऱ्याच्या बाहेरच्या अंगाला दोन इंच खाली उतरते, त्यामुळे भिंतीवरून ओघळणारे पाणी चिऱ्याच्या डोक्यावर न थांबता बाहेरच ठिबकेल. ही फट बाहेरून सिमेंटने भरण्याचा काकांचा आग्रह होता. मी नको म्हटले, कारण मूळचे पत्रे नेमके सिमेंटमध्ये गाडल्यामुळेच कुजले होते. बाहेरची फट मोकळी ठेवून फक्त आतल्या बाजूने सीलंट भरले.

सीलंट घेताना एक गोष्ट दुकानात विचारून घेतली. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसेटिक आम्ल सोडते आणि ते जस्ताला खाते. पत्र्यासाठी न्यूट्रल, म्हणजे असे आम्ल न सोडणारे सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्यावे लागते. मी पीयू घेतले.

११ मे २०२५, रविवार

छपराचे पाच नवे आणि तीन साफ केलेले पत्रे चढवले. उत्तरेकडून आधी आणि दक्षिणेकडून शेवटी, असा क्रम ठेवला तर मोकळी कड उत्तरेलाच येते, हे कागदाची दोन पाने एकमेकांवर ठेवून आधी पाहून घेतले आणि त्याप्रमाणे उत्तरेकडचा पत्रा नेहमी खाली, दक्षिणेकडचा वर असा जोड घेतला. बाजूचा जोड दोन पन्हळींचा ठेवला. एकाच पन्हळीचा जोड असला तर दोन पत्र्यांच्या अरुंद फटीत पाणी आपोआप वर चढते आणि पलीकडे उतरते. वरच्या आणि खालच्या ओळीतील आडवा जोड २०२० मध्ये तीन इंचांचाच ठेवला होता. तो आता नऊ इंचांचा केला आणि त्यात ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी घातली. त्यासाठी वळचण थोडी आखूड झाली.

पत्रे माथ्यावरच, रबरी वॉशर असलेल्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूंनी बांधले. वॉशर किंचित फुगून दिसेपर्यंतच कसायचे. त्याहून कसले तर रबर चिरते आणि माथा चेपून तेथे खळगा होतो.

जुन्या पत्र्यांवरील ११ छिद्रांपैकी लहान आठांवर ब्यूटाइल टेप लावली. तीन छिद्रे रुपयाच्या नाण्याहून मोठी होती. त्यांवर त्याच घाटाचे जस्ताच्या पत्र्याचे तुकडे सीलंट आणि रिव्हेटने बसवले.

१७ मे २०२५, शनिवार

पश्चिमेच्या वळचणीला पन्हळ लावली. छप्पर जमिनीवर साधारण २३ चौरस मीटर जागा झाकते, म्हणजे १०० मिलिमीटर पाऊस झाला की २३०० लिटर पाणी एका कडेवरून खाली येते. आजवर त्या पागोळ्या जमिनीवर आपटून चिखल भिंतीवर उडत असे आणि तो ओला चिखल पत्र्याला चिकटून राही. आता ते पाणी पाइपाने माडांच्या पाटात सोडले आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पॉलियुरेथेनचा पहिला हात झाला. दुसऱ्यासाठी २४ आणि २५ मे राखून ठेवले आहेत.

२१ मे २०२५, बुधवार

कालपासून पाऊस आहे. मृग ८ जूनला, म्हणून हातात तीन आठवडे आहेत असे धरून मी चाललो होतो. पश्चिम आणि दक्षिण या दोन्ही भिंती एकाच हातावर राहिल्या. ओल्या पत्र्यावर रंग चढवण्यापेक्षा तो न चढवणे बरे, म्हणून डबे बंद करून ठेवले.

२४ मे २०२५, शनिवार

अरबी समुद्रातील तीव्र कमी दाबाचे क्षेत्र आज दुपारी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. आजच मान्सून केरळात दाखल झाल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. वाऱ्याने पोफळी जमिनीपर्यंत वाकत होत्या. शेडमध्ये दोन तास उभा राहिलो. वीज नव्हती. छपराचा आवाज इतका होता की आईने दारातून काय विचारले ते ऐकू आले नाही. मी नुसता कोरडा तळहात तिला दाखवला. नवा एकही पत्रा हलला नाही आणि आत पाणी आले नाही.

२६ मे २०२५, सोमवार

मान्सून काल कोकणात पोचला. वारा पश्चिमेकडून धरला आणि आज मध्यभागी, पंपाच्या वर थेंब सुरू झाले. ज्या जागी थेंब पडतो तेथे वर छिद्र नाही, सीलंटही शाबूत आहे. विजेरी धरून पाहिले तेव्हा पाणी आडव्या अँगलवरून सरकत येताना दिसले. ते नेमके कुठून शिरते ते पावसात सापडणार नाही. पंपावर ताडपत्री टाकली.

१ जून २०२५, रविवार

दोन दिवसांपासून उघडीप आहे. बाहेरून नळी लावून तपासले. वळचणीपासून सुरुवात करून प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटे पाणी सोडायचे आणि आत आईने पाहायचे, असे करत वर गेलो. वरूनच पाणी सोडले असते तर ते सगळ्या जोडांवरून वाहिले असते आणि काहीच कळले नसते. चौथ्या खेपेला, जुन्या आठ पत्र्यांच्या आडव्या जोडावर नळी उताराच्या उलट दिशेने, वाऱ्याप्रमाणे धरली तेव्हा आईने हाक मारली. थेंब पडत होता तेथून हा जोड सव्वादोन फूट दूर आहे.

चूक माझी आहे. हे पत्रे शाबूत म्हणून मी ते जागचे हलवले नाहीत आणि त्यांच्या सहा इंचांच्या जोडात पट्टी घातली नाही. छपराचा उतार कमी आहे आणि वादळी झड तेवढे अंतर चढून जाते. आज जे-हुकांच्या चाक्या सैल केल्या, वरचा पत्रा लाकडी पाचरीने उचलला, मधली माती आणि पाने ब्रशने काढली, पुसून कोरडे केले, ब्यूटाइलची पट्टी घातली आणि नवे डांबरी वॉशर घालून पुन्हा कसले. आठही पत्र्यांना हे करायला संध्याकाळ झाली. नळीखाली अर्धा तास धरले, आत कोरडे राहिले.

८ जून २०२५, रविवार

उघडिपीचा फायदा घेऊन पश्चिमेच्या भिंतीचा दुसरा हात काल सकाळी पूर्ण केला. दक्षिणेची भिंत एका हातावरच आहे. तिचे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, पुन्हा धुऊन करीन.

पश्चिमेला आईने सांगितल्याप्रमाणे झापांची (विणलेल्या झावळ्यांची) झड, म्हणजे पावसाचा मारा अडवणारा आडोसा बांधला. जुन्या घरांच्या पडवीला पावसाळ्यात अशी झड असतेच. ती पत्र्याला न टेकवता अर्धा फूट अंतर सोडून काठ्यांवर बांधली आहे, म्हणजे मागे वारा खेळेल. दाराच्या वर आणि समोरच्या भिंतीत जाळी बसवून हवेला वाट केली. मीठ आणि पोटॅश झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपांत भरून शेडबाहेर, गोठ्याच्या ओट्यावर नेले. नारळ, कोयते आणि पंपाचे सुटे भाग आज पुन्हा आत लावले. सगळे सामान भिंतींपासून हातभर दूर, लाकडी मांडणीवर ठेवले आहे.